जावयाची चाळीस पानं

माझी मुलगी अमेरिकेत असते. तिकडचं नागरिकत्व घेतल्यावर यंदा ती पहिल्यांदाच मत देणार आहे, त्यामुळं हल्ली तिच्या बोलण्यात निवडणूक फार असते. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिनं मला एक तक्ता दाखवला. तिकडच्या सिनेटरांची नावं एकाखाली एक आणि पुढं तीन रकाने: काम पसंत, नापसंत, सांगता येत नाही. प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर. त्यांतले थोडेच यंदा लोकांपुढं जाणार. आणि ज्याची पसंती घसरली, त्याच्यावर समोरचा पक्ष जोर लावणार, हे तिनं मला समजावून सांगितलं. तिच्या राज्यातला एकजण घसरलेल्यांत होता.

"हे लोकांना विचारतं कोण?" मी म्हणालो.

"फोनवर, नाहीतर ऑनलाइन. दारात कोणी येत नाही, बाबा."

"आणि उत्तरं खरी का खोटी, ते कोण बघतं?"

"त्याचीही पद्धत असते. तुम्हालाच माहीत. तुम्ही केलाय ना आमदाराचा सर्व्हे? आई सांगायची, तुमच्याएवढी चोख पानं कोणाचीच निघाली नाहीत म्हणून."

मी हो म्हणालो. पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली. मी तिला जे सांगितलं, तेच तिनं पुढं सांगितलं. ते खरं नव्हतं, म्हणून हे लिहितो आहे.

नोकरीभर मी विजेच्या मीटरचं रीडिंग घेतलं. दाराला कुलूप असलं की मागच्या महिन्यांवरून सरासरी आकडा टाकायचा, अशी आमची रीत होती. ऊन जास्त असलं की उघड्या दारांनाही मी ती लावत असे. निवृत्तीनंतर घरी करमेना. औरंगपुऱ्यात एका जिन्यावरच्या लहानशा ऑफिसात सर्व्हेसाठी माणसं घेत होते, तिथं लागलो. विधानसभा जवळ आली होती. घरोघर जाऊन एवढंच विचारायचं: आमदाराच्या कामावर समाधानी आहात, नाराज आहात, की सांगता येत नाही? एका घराचं एक पान. सर्व्हे कोणी करायला सांगितला, हे आम्हाला कळत नसे.

मला फुलंब्रीकडचं एक गाव मिळालं. सोबत बजाजनगरची एक बाई होती, तिशीतली. नवरा वाळूजला कंपनीत. भेटली की "जयभीम, काका" म्हणायची आणि बसमध्ये माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायची. गावठाणातली चाळीस घरं माझी, शिवारातल्या वस्त्यांवरची चाळीस तिची. ते गाव माझी सासुरवाडी होती. हे मी ऑफिसात सांगितलं नाही.

बसमधून उतरलो तसा मी मेहुण्याच्या ओसरीवर गेलो. जेवण झालं, पंखा लावला, मतदारयादी पुढं घेतली आणि चाळीस पानं तिथंच भरून काढली. बहुतेक समाधानी. मधूनमधून एखादा नाराज, दोन-चार सांगता येत नाही. सरासरी कशी दिसते, ते मला चांगलं ठाऊक होतं.

दुपार कलताना ती पाणी प्यायला ओसरीवर आली. चपलेचा अंगठा तुटला होता, तो तिनं सुतळीनं बांधला होता. तिनं मला पानं दाखवली. निम्म्याहून जास्त नाराज. आणि कडेच्या कोऱ्या जागेत लोक बोलले ते जसंच्या तसं: 'पाइप आला, पाणी नाय.' 'मयतीला येतेत, रस्त्याला नाय.'

"हे कशाला लिहिलं?" मी विचारलं.

"त्यांनी सांगितलं म्हणून," ती म्हणाली. "तुमची झाली, काका?"

"झाली."

आठवड्यानं ऑफिसातला तपासणीस पानं घेऊन गावात गेला. आम्हा दोघांनाही त्यानं जीपमधून नेलं. खरं तर त्यानं घरोघर एकेकट्याला विचारायला हवं होतं. तो पारावर बसला आणि नावं मोठ्यानं वाचू लागला. पारावर आमदाराची दोन-तीन माणसं आधीच बसलेली होती. बाई कोण, कुठली, याची चौकशीही त्यांची करून झाली होती.

पहिलं नाव तिच्या पानांतलं होतं. तो शेतकरी पुढं आला.

"तुमच्याकडं ह्या बाई आल्या होत्या का? तुम्ही नाराज म्हणून सांगितलं का?"

त्यानं पाराकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "नाय बा. कोण बाई? मी तर त्या दिशी गावातच नव्हतो."

दुसरा तेच म्हणाला. तिसऱ्याची बायको म्हणाली, "आमचं काय बी म्हननं नाय."

मग माझी पानं आली. ज्यांचं दार मी पाहिलंसुद्धा नव्हतं, ती माणसं हसत पुढं झाली.

"व्हय तर! जावईबापू आले व्हते. चहा पिऊन गेले."

"माझ्याकडं दोनदा आले," एक म्हातारा म्हणाला. लोक हसले. गावाच्या जावयाला कोण खोटं पाडणार?

तपासणीस तिच्याकडं वळला. "घरी बसून भरली ना पानं?"

"चला माझ्यासोबत," ती म्हणाली. "एकेक घर दाखवते. कुठं कुत्रं आहे तेही सांगते." मग ती माझ्याकडं वळली. "काका, तुम्ही बघितलं ना मला? ओसरीवर पाणी प्यायले मी."

मी म्हणालो, "मी माझ्या कामात होतो. माझ्या लक्षात नाही."

तिला काढून टाकलं. ऑफिसात माझी पानं नमुना म्हणून दाखवली गेली. आमदार निवडणुकीत पडला. पण त्यामुळं कोणी जुनी पानं पुन्हा काढून पाहिली नाहीत.

मुलीचा फोन झाल्यावर मी इथपर्यंत लिहिलं आणि गुरुवारी बजाजनगरला गेलो. घर सापडायला वेळ लागला. ती आता शिवणाचे क्लास घेते. तिनं मला ओळखलं, "या" म्हणाली. आत पलंगावर तिची सासू बसली होती. मी हळू आवाजात आल्याचं कारण सांगितलं आणि कागद पुढं केला. तिनं तो उभ्यानंच वाचला.

"माझं नाव घातलं नाही, ते बरं केलं," ती म्हणाली. "पण एक राहिलं. नंतर त्यांनी मला ऑफिसात बोलावलं होतं. घरी बसून भरली असं लिहून सही करा, दुसरं काम देतो, म्हणाले. मी सही केली नाही. ते यात नाही."

"मला माहीत नव्हतं."

"आता झालं ना माहीत? टाका."

मी तिथंच खाली लिहिलं. पलंगावरून सासूनं विचारलं, "कोन हाय? काय लिव्हतोय?"

"सर्व्हेतले काका. ती पानं मी खरीच भरली होती, असं लिहून आणलंय."

सासूनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग इतकी वर्सं तोंडात काय धरलं व्हतं?"

मी पेन खिशात ठेवलं. ती पुढं म्हणाली, "चाळीस घरं फिरायचा कटाळा केला म्हनून काढली, असं मी हिला बोलत आले. भाकर करपली तरी तेच बोलले. आल्यागेल्याला बी सांगितलं." मग म्हणाली, "मला वाचता येत नाय. वाचा."

मी पहिल्यापासून वाचलं. सासुरवाडी, ओसरी, पंखा, पार. पारावरच्या माझ्या उत्तरापाशी मी कागद खाली घेतला, तेव्हा सून म्हणाली, "वाचा की." मी ते वाक्य वाचलं. तिनं सही केली नाही, या शेवटच्या ओळीपाशी पोचलो, तसा सासूनं हात वर केला.

"थांबा. शेजारची घरी हाय. तिला बी मीच सांगितलं व्हतं." तिनं दाराकडं तोंड करून हाक मारली. शेजारीण ओले हात पुसत येऊन उंबऱ्यात उभी राहिली. सुनेनं मला बसायला स्टूल दिलं, आणि मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो.