पाच नंबरची तांबडी

जेवण आटोपून इंदुमती चौबळ रेसबुक छातीवर ठेवून कॉटवर आडवी होते. चार वाजता मोठी रेस आहे, यंदाच्या सीझनची शेवटची. नवऱ्याला, भास्कररावांना, जाऊन दोन वर्षं झाली, आणि आज ती पहिल्यांदाच एकटी रेसकोर्सवर जाणार आहे. पंखा घरघरतो. डोळे अर्धे मिटतात, आणि पंख्याच्या आवाजात टापा मिसळायला लागतात.

"इंदू, दोन नंबर लाव."

भास्करराव कॉटच्या पायथ्याशी उभे आहेत. तोच राखाडी कोट, गळ्यात तीच दुर्बीण. माणूस गेला, पण ताठा काही गेला नाही!

"आल्या आल्या नंबर? कशी आहेस, एवढं तरी विचारा."

"वेळ कुठंय? दोन. डोळे मिटून लाव."

रेसवाल्यांत एक समजूत पक्की असते, गेलेल्या माणसानं स्वप्नात दिलेला नंबर चुकत नाही. असा नंबर मिळावा म्हणून लोक रेसबुक उशाशी घेऊन झोपतात. इंदुमतीला हे ठाऊक आहे. पण तिच्या मनात पाच नंबर आहे.

ती उठून स्वयंपाकघरात जाते, तर ओट्याच्या जागी पॅडॉकचं, रेसआधी घोडे फिरवतात त्या आवाराचं पांढरं कुंपण. आत घोडे गोल फिरताहेत. याच कुंपणाशी ती तीस वर्षं डबा घेऊन उभी राहिली. हा गृहस्थ टिपा गोळा करत हिंडायचा, आणि ती आपली घोडे बघायची. कान कुठं वळलेत, अंगाला फेस आलाय का, मागचा खूर पुढच्याचा ठसा ओलांडून पडतो का. कुणी शिकवलं नाही. बघून बघून कळायला लागलं.

"ती तांबडी बघा," ती म्हणते. "पाच नंबर. आठवडाभर रोज सकाळी ट्रायलला बघतेय तिला. खूर वीतभर पुढे पडतो."

"मोठ्या रेसला घोडी? तुझं आपलं काहीतरीच! भाजी निवडल्यासारखे घोडे निवडतेस."

झालं! तिचा भडका उडतो.

"तेव्हाही हेच म्हणालात. मी नऊ सांगितला होता, माझ्या शिवणकामाच्या पैशांचा. तुम्ही खिडकीवर जाऊन परस्पर चार लावलात. नऊ आला. घरी येऊन काय म्हणालात?"

भास्करराव दुर्बिणीची काच पुसत राहतात.

"काय म्हणालात?"

"तुक्का लागला, म्हणालो."

"तुक्का!"

कुंपण हॉस्पिटलच्या लांब पॅसेजमध्ये शिरतं. फरशीवर गवत उगवलंय. भास्करराव बाकावर बसतात, एकदम थकलेले. "एवढं ऐक गं माझं. तिकडे रेस नाही, काही नाही. मला कुणी नंबर विचारत नाही."

तिला भरून येतं. आवडायचा तो माणूस तिला, खोटं कशाला बोला. 'बरं, दोन' असं ओठांवर येतंसुद्धा. पण समोर तिकिटाची खिडकी आहे, आणि आतला माणूस विचारतो, "नंबर?"

"दोन," भास्करराव म्हणतात.

"पाच," ती म्हणते. "आणि ती दुर्बीण द्या इकडे."

"दुर्बीण? तुला?"

"तीस वर्षांत एकदा हातात दिली नाहीत. द्या."

ते देत नाहीत. मग ती सरळ त्यांच्या गळ्यातून काढते आणि आपल्या गळ्यात घालते. भलतीच जड आहे. पट्टा मानेत रुततो.

"इंदू, परत दे!"

ती ऐकत नाही. दुर्बीण डोळ्यांना लावते. वळणावर तांबडी घोडी, माती उडवत येते आहे.

जाग येते तेव्हा सव्वातीन झालेत. मान चुरचुरते. इंदुमती आरशापुढे मान वळवून बघते. बोटभर रुंद लाल वळ, ह्या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. आणि दुर्बीण तर घरात नाहीच. तेराव्यालाच धाकटे दीर तिला न विचारता घेऊन गेले.

ती पेन्सिल शोधते आणि रेसबुकात पाचाला गोल करते, कागद फाटेल इतका दाबून.

"अहो," ती भिंतीवरच्या फोटोला म्हणते, "दोन पळेल हो तुमचा. पण पाचाच्या मागून."

मग केस वर घेऊन घट्ट अंबाडा घालते. वळ झाकण्यासाठी पदर ओढून घेत नाही. तशीच चपला घालून निघते.