भातातून निघालेली वाट

ठाकुर्लीतल्या आमच्या गल्लीचा रस्ता गेल्या महिन्यात काँक्रीटचा झाला. नारळ फोडायला आलेल्या नगरसेवकाने सहज विचारलं, "ही गल्ली मुळात पाडली कोणी?" कोणालाच सांगता येईना. मला माहीत होतं, पण एवढ्या लोकांत बोलायचा धीर झाला नाही.

तेव्हा मी सात वर्षांची होते. आमची चाळ शेताच्या एका अंगाला, स्टेशन आणि दवाखाना दुसऱ्या. जायचं तर अख्ख्या शेताला वळसा. दसऱ्याच्या सुमारास आईला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. वडील पहिल्या पाळीला गेलेले. शेजाऱ्यांनी भाजीवाल्याची हातगाडी आणली, तिच्यावर गोधडी टाकून आईला झोपवलं आणि निघाले. थोडं पुढे चिखलात चाक रुतलं.

शेताचा मालक आगरी. आम्ही पोरं भात तुडवतो म्हणून चाळकऱ्यांशी त्याचं कायमचं भांडण. आईचं ओरडणं ऐकून तो आला आणि फावड्याने सरळ बांधच फोडला.

"इकरून आना," म्हणाला.

शेतही ओलंच होतं. तो आणि त्याची बायको विळ्याने उभं भात कापून चाकांखाली अंथरत पुढे चालले. तशीच गाडी पार झाली. बायको तर दवाखान्यापर्यंत सोबत गेली.

आई वाचली. बाळ गेलं.

त्या पट्ट्यात त्यांनी पुन्हा लावणी केली नाही. लोक तिथूनच जायला लागले. मग खडी पडली, डांबर आलं, दोन्ही बाजूंना दुकानं झाली. शेत होतं तोवर आई दर पावसाळ्यात त्यांच्या लावणीला जायची. मजुरी घ्यायची नाही.

आता शेताच्या जागी त्यांचीच इमारत आहे. मालक वारला. त्याची बायको, आमची काकी, दुसऱ्या मजल्यावर राहते. नारळ फुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले.

"काकी, तेव्हा तुम्हाला वाईट नाही वाटलं? हाताशी आलेलं भात होतं."

"वाटला ना. रात्री हे जेवलं पन नाय. पन तुझी आय वरडत व्हती, मंग काय करनार?" आणि ती पुढे म्हणाली, "पोरगी व्हती. मीच पुसून गुंडाळली तिला. नाक तुझ्यासारखा."

आईने आम्हाला कधी मुलगा की मुलगी तेही सांगितलं नव्हतं. काकी उठली, ताट वाढून आणलं आणि जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाली. मी जेवले.