बिलहार्झियाले राम राम

लघवी पयल्यांदा लाल झाली तवा मी बीटाच्या वावरातच उभा होतो, म्हनून सगळा दोष बीटाले देल्ला. आमचं वावर पवनारले, धाम नदीच्या अंगाले. सांबार म्हंजे कोथिंबीर, पालक, वांगे लावतो अन् वर्ध्याच्या बजारात नेतो. त्या साली कोनाच्या तरी सांगन्यावरून बीट लावलं. वर्ध्याच्या लोकाईनं त्याले हात लावला नाई. मंग वापस आनलेलं बीट मीच खाऊन राह्यलो, सकाळी कच्चं, संध्याकाळी उकडून. मानूस इतकं बीट खाईन तं लाल नाई मुतन तं काय हिरवं मुतन? असं माहं डोकं. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, अन् ते दुसरीबी दोनदा केली.

बीट सोडलं. पंधरा दिवस झाले, तरी लाल. सगळी नाई. आधी साफ यायची, शेवटी शेवटी लाल व्हायची. जळजळबी होती. मंग म्हनलं, उन्हाळी लागली. आमच्याकडे लघवीले आग झाली का तिले उन्हाळीच म्हनते, महिना कोनताबी असो. सब्जाचं पानी पेलो, धन्याचं पानी पेलो, पायाच्या अंगठ्याले चुना लावला. शेजारचे लोकं गोधडी पांघरून शेकोटीपाशी बसलेले, अन् मी गिलासभर थंडा सब्जा घेऊन कुडकुडत उभा. पौषात उन्हाळी लागलेला अख्ख्या पवनारात मी एकटाच असन.

एक दिवस धुनं धुता धुता बायको माहा पायजामा घेऊन सामोर आली.

"अवो, बीट तं तुमी तोंडानं खाल्लं होतं ना?"

"हाव."

"मंग पायजाम्यात कसं शिरलं?"

दुसऱ्या दिवशी तिनं मले बसमधी बसवून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मॅडम जवान होती. सोनोग्राफी झाली. मॅडमनं फोटो उजेडाले धरला अन् म्हनली, "काका, लघवीच्या पिशवीची भिंत जाड झाली आहे. मध्ये मध्ये चुन्यासारखे ठिपके दिसतात."

"मॅडम, चुना तं मी अंगठ्याले लावलता. वर चढला काय?"

मॅडम हासली नाई. तिनं कागद सामोर ओढला अन् एकेक इचारून लिहाले लागली.

"बिडी, सिगारेट?"

"नाई."

"खर्रा?"

"कधीमधी."

"कधीमधी म्हंजे झोपेत नाई," बायको म्हनली.

"बाहेरच्या देशात राहिलात का कुठे?"

आता बायकोची मान सरळ झाली. "हाव मॅडम! आफ्रिकेत होते हे. मलावीत. तीन साल. बोअर मारनाऱ्या कंपनीत सुपरवायझर होते. येऊन चार साल झाले."

मॅडमनं पेन खाली ठेवला. "तिथे तळ्यात, नदीत उतरत होतात का? आंघोळीला, कपडे धुवायला? तिकडच्या पाण्यात एक जंत असतो. गोगलगाईतून निघतो अन् कातडीतून अंगात शिरतो. लघवीच्या पिशवीजवळच्या शिरांत वर्षानुवर्षं राहतो. त्याची अंडी भिंतीत अडकतात, भिंत सोलते, भरते, पुन्हा सोलते. अशा भिंतीत पुढे कॅन्सर धरू शकतो. बिलहार्झिया म्हणतात त्याला."

हा शब्द ऐकला अन् माह्या कानात घंटी वाजली. पन माह्या आधी बायकोच बोलली. "छ्या वं मॅडम, तळ्यात कायले उतरतीन हे? याईच्या ऑफिसात तं एसी होता."

मॅडमनं माह्याकडे पायलं. बायकोनं पायलं. मी मान हालवली. हाव, एसी होता म्हनून.

मॅडमनं कागदावर त्या जंताच्या नावावर फुली मारली. "मग गाठीचाच विचार आधी करावा लागेल. पुढच्या सोमवारी कॅमेरा घालून आत बघू, तुकडा काढून तपासू."

आता खरं काय होतं ते सांगतो. मी सुपरवायझर नव्हतो. मी बोअरच्या गाडीवर सैपाक करत होतो. दहा मानसाईचा भात, वरन, दोन टाइम पोया. घरी फोटो धाडला तो गाडी चालवनाऱ्या डायव्हरची पिवळी टोपी घालून, त्याच्याच गाडीले टेकून काढलेला. अन् रोज दुपारी सगळे भांडे घेऊन मी तळ्यात कमरेइतक्या पान्यात उतरत होतो. भांडे घासले का तिथंच आंघोळ. काठावर एक पाटी होती, लाल अक्षराची. वाचता आली नाई, म्हनून तिच्यावर टॉवेल वाळू घालत होतो.

तो डायव्हर तिकडचाच. माही भाषा त्याले येत नव्हती, त्याची मले. रोज मी पान्यात उतरलो का तो काठावरून दोन्ही हात हालवून ओरडायचा, "बिलहार्झिया! बिलहार्झिया!" मले वाटलं, याईच्याकडचा राम राम असन. मीबी पान्यातून हात जोडून म्हनो, "बिलहार्झिया, भाऊ, बिलहार्झिया!" तो कपाळाले हात लावायचा. मले वाटे, नमस्कार पोचला. तीन साल. पुढं पुढं तं सकाळी तो दिसला का मीच आधी म्हनो.

तो बिचारा मले वाचवून राह्यला होता, अन् मी त्याले रामराम करून राह्यलो होतो.

सोमवार याले सहा दिवस होते. त्या सहा दिवसात माह्या ढुंगनाले कुठं जागा भेटली नाई. पालकाच्या वाफ्याले एकदा पानी सोडलं, अन् सोडलं का नाई आठवेना म्हनून अजून सोडलं. पालक सडला. बजारात एका बाईले वांगे तोलून सांबाराच्या थैलीत कोंबले. दर तासाले मुताले जाओ, अन् शेवटच्या थेंबापर्यंत वाकून पाहो. खरं सांगितलं तं बायकोसमोरचा सुपरवायझर मरते, नाई सांगितलं तं मीच मरतो. अन् लाजेकाजेनं मी दोघाईचा तराजू करून राह्यलो होतो, इतका मी हुशार!

रविवारी बायको म्हनली, चला, नदीवर जाऊन बसू, घरात येरझारा मारून जमीन झिजवान. धामच्या पायरीवर बसलो. तिनं पाय पान्यात सोडले. मी पाय पोटाशी घेतले.

"काऊन? थंड हाय काय?"

"नाई."

"मंग सोडा ना पाय."

"त्याच्यात गोगलगाई असन."

तिनं माह्याकडे पायलं. मंग माह्या तोंडातून सगळं निघालं. टोपी, तळं, भांडे, डायव्हरचा राम राम. सगळं. मले वाटलं आता रडन, नाई तं नदीत ढकलन.

ते म्हनली, "सैपाक?"

"हाव."

"दहा मानसाईचा?"

"हाव."

"पोयाबी?"

"...हाव."

"अन् मी तापानं फनफनून पडली होती तवा तुमाले भातात पानी किती टाकावं ते समजत नव्हतं!"

कॅन्सरवर नाई, खोट्यावर नाई. तिचा जीव त्या भातावर अटकला. पन सकाळी दवाखान्यात मी तोंड उघडाच्या आधी तीच म्हनली, "मॅडम, हे सुपरवायझर नव्हते. भांडे घासत होते. तळ्यात, कमरेइतक्या पान्यात, तीन साल. तुमी मारली ते फुली खोडा."

मॅडम मले रागावली. म्हनली, आधी सांगितलं असतं तर आठवडा वाचला असता. मंग म्हनली, कॅमेरा तर घालूच, पण त्याआधी दुपारची लघवी पाहिजे. अंडे दुपारीच जास्त पडते म्हने, अन् अंग हालवल्यावर. म्हनून मले दवाखान्याच्या पायऱ्या चढाले-उतराले लावल्या. बायको खालच्या पायरीवर बसून मोजत होती. "चला सुपरवायझर, अजून एकदा."

लघवीत अंडे सापडले. मॅडमनं मले दुर्बिनीतून दाखवलं. लांबट, अन् एका टोकाले काटा. सात साल हे जंत माह्या अंगात भाड्यानं राह्यले, अन् भाडं रक्ताचं घेत होतो मीच. म्हंजे देत होतो मी. पाहा, रागातबी उलटंच बोलतो.

तुकड्याची रिपोर्ट आठ दिवसानं आली. कॅन्सर नाई. पन मॅडम म्हनली, भिंतीतल्या पेशींनी रूप बदललंय. आज ते कॅन्सर नाही, उद्या होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. गोळ्या बाहेरून मागवाव्या लागल्या, माह्या वजनावर मोजून देल्ल्या. जंत मेले. लाल बंद झालं. भिंत मात्र तशीच हाय, म्हनून सहा महिन्यानं वापस कॅमेरा.

तवापासून आमच्या घरचा संध्याकाळचा सैपाक माह्याकडे हाय. बायको पाटावर बसून चुका काढते. पोई वाकडी, वरन पातळ, तिकडच्या लोकाईनं तुमाले कसं ठेवलं बाप्पा. तिचं बोलनं चालू असलं का मले बरं वाटते.

कॅमेऱ्याची तारीख या मंगळवारी हाय. काल मी वांग्याच्या भाजीत मीठ दोनदा टाकलं. एक घास खाल्ला अन् मलेच जिभेवर ठेववेना. बायकोकडे पायलं. ते खाली मान घालून पूर्ण भाजी खाऊन राह्यली होती. एक शब्द नाई.

"अवं," म्हनलं, "खारट हाय ना?"

"नाई," ते म्हनली. "चांगली झाली."

तवा मले खरं भेव लागलं.