कललेली रायफल

त्या गुन्ह्याचा तपास माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण त्यात चुकलो होतो मीच.

वरवट बकालकडच्या एका गावात सकाळी मक्याच्या शेतात गोळी लागून एक शेतकरी ठार झाला. गोळी झाडणारा शेजारचाच. रायफलचा परवाना होता, रानडुकरं मारण्याची परवानगी होती. पंचनामा चालू असतानाच खबऱ्यानं मला बाजूला घेतलं. "साहेब, परवाच दोघाईचं धुऱ्यावरून भांडन झालं होतं."

बांधाच्या त्या भांडणावरच मी मनाशी निकाल लावला.

ठाण्यात आरोपी एकच सांगत राहिला, "मी त डुकरावरच नेम धरला होता, साहेब. तो मानूस मक्यात वाकेल होता. मले दिसलाच नाही."

"वीस वर्षं बंदूक धरतोस. डुक्कर सोडून शेजारीच कसा लागला?"

तो गप्प झाला. गप्प बसणारा दोषी, असं मी तेव्हा मानत असे. मृताच्या बायकोला मीच सांगितलं, "ताई, हा खून आहे." दोषारोपपत्र गेलं.

वर्षभरानं वार्षिक गोळीबार सरावात आमचा जुना हवालदार एका शिपायावर चिडला. "रायफल उजवीकडे कलते तुझी. जवळ कळणार नाही, पण लांबवर गोळी उजवीकडे आणि खाली जाणार."

मला आरोपीचं डावं कोपर आठवलं. मोडून वाकडं जुळलेलं; रायफल त्याच हातावर तोलली जाते. त्यानं डुक्कर दाखवलं होतं, त्या जागेच्या जरा उजवीकडेच, पलीकडे मृत वाकलेला होता. अंतर तीनशे पावलं.

न्यायालयाची परवानगी घेऊन कारागृहात गेलो. कवायतीची लाकडी रायफल त्याच्या हाती दिली. तीनदा धरायला लावली, तिन्ही वेळा ती उजवीकडेच कलली. मग तज्ज्ञांनी जप्त रायफल तेवढीच कलवून त्याच अंतरावरून झाडली. गोळ्या वीत-दीड वीत उजवीकडे, खाली लागल्या. वरिष्ठ म्हणाले, "उगाच कशाला उकरता?" तरी पुरवणी अहवाल दिला. खुनाचा आरोप गेला, निष्काळजीपणाचा तेवढा राहिला. चौदा महिने आत काढून तो सुटला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

भांडण सापडलं म्हणून मी बंदूक पाहिलीच नव्हती. पहिल्याच दिवशी ती त्याच्या हाती देऊन पाहायला किती वेळ लागला असता?

मृताच्या बायकोला हे सांगायला मी स्वतः गेलो. दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं, तिच्या मुलांनी त्या घरच्या पोरांची डोकी फोडली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"खून हाय म्हून तुमीच सांगतलं होतं, साहेब," ती म्हणाली. "पोराईले मी तेच शिकवलं. आता त्याईले काय सांगू?"

मी टोपी उचलून निघालो.