न विचारलेले अकरा प्रश्न

मुकादमचाचांची मान मी आधी उजवीकडे वळवली, मग डावीकडे, आणि शेवटी बारीकसा झटका दिला. कट्ट असा आवाज आला. मला बरं वाटलं. वीस वर्षं प्रत्येक चंपीचा शेवट मी असाच करत आलो होतो.

समोर क्लिपबोर्ड घेऊन उभ्या असलेल्या रूथ मॅडमचा चेहरा मात्र उतरला. आणि चाचा हळूच म्हणाले, "संपत, हाताला मुंग्या आल्या रे."

ही माझी परीक्षा चालली होती. दोन हजार एक-दोनचा सुमार असेल. मी मूळचा पाटण तालुक्यातला, पिढीजात न्हावी. दुबईच्या बर दुबई भागात मीना बाजारच्या मागच्या गल्लीतल्या एका जेंट्स सलूनमध्ये आठ वर्षं काढलेली. माझ्या चंपीसाठी लोक शारजाहून यायचे. त्यातल्याच एका गिऱ्हाइकाने जुमेराकडच्या एका मोठ्या हॉटेलात माझं नाव सुचवलं. तिथे नवीन स्पा सुरू होत होता आणि त्यांना हेड मसाज थेरपिस्ट हवा होता. काम तेच, आपली चंपी. फक्त खोलीत अंधूक दिवा आणि मागे पाण्याच्या आवाजाची कॅसेट.

हॉटेलची अट अशी होती की सहा आठवडे ट्रेनिंग, मग परीक्षा, आणि तीन महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये पास झालो तरच नोकरी पक्की. नाहीतर परतीचं तिकीट. सलूनचा व्हिसा मी कॅन्सल करून आलो होतो. माझ्या जागी तिथे दुसरा माणूस उभाही राहिला होता. म्हणजे नापास झालो तर सरळ पाटण.

रूथ मॅडम साउथ आफ्रिकेच्या. बाई शिस्तीची, पण खोट काढायची म्हणून काढणारी नव्हे. त्यांचे दोन नियम होते. एक, मान मोडायची नाही. कुणीही सांगितलं तरी नाही. दोन, हात लावण्याआधी कन्सल्टेशन फॉर्म भरायचा. त्यात अकरा प्रश्न. ब्लडप्रेशर आहे का, चक्कर येते का, मानेला कधी मार लागला होता का, असे.

पहिला नियम मला जाचत होता, पण मी तो पाळत होतो. दुसरा मात्र जिभेवरच येईना. आमच्या धंद्यात खुर्चीत बसलेल्या माणसाला सगळं विचारतात. जमिनीचा निकाल लागला का, पोरीचं जमलं का, गावात कोण निवडून आलं. आजार विचारत नाहीत. वडिलांच्या दुकानात मी एकदा कुणाला दुखण्याचं विचारलं, तर गिऱ्हाइकाच्या आधी वडीलच खेकसले होते, "सकाळच्या पारी काय अभद्र बोलतोस?" त्यामुळे ट्रेनिंगमध्येही मी आपला फॉर्म घ्यायचो, अकरा ठिकाणी 'नो'वर टिक करायचो आणि सही मागायचो. माणूस कसा आहे ते डोक्यावर हात ठेवला की कळतं, ही माझी घमेंड.

परीक्षेला मॉडेल म्हणून हॉटेलच्या स्टोअरचे मुकादमचाचा बसले. रत्नागिरीचे, साठीच्या जवळ आलेले, मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून माझ्यावर जीव. चंपी रंगात आली तेव्हा तेच डोळे मिटून म्हणाले, "मान मोड की जरा. त्याबगर चंपी कसली?" गिऱ्हाइकाने मागितलं आणि हात चालले. नियम मागून आठवला.

हॉटेलच्या डॉक्टरने तपासलं. चाचांच्या मानेचा मणका आधीच झिजलेला होता आणि तिथे नस दबत होती. संध्याकाळपर्यंत मुंग्या गेल्या, पण आठवडाभर गळ्यात पट्टा आला. मी घाबरलो होतो. म्हाताऱ्याचा हात कायमचा गेला असता तर, हा विचार आजही नको वाटतो.

दुसऱ्या दिवशी रूथ मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. मॅडम परीक्षेला येण्याआधीच मी भरून ठेवलेला चाचांचा फॉर्म टेबलावर होता, खाली त्यांची सही. त्यांनी चाचांना विचारलं, "डिड ही आस्क यू अबाउट युअर नेक?"

"यस मॅडम," चाचा म्हणाले. "ही आस्क. आय से नो प्रॉब्लेम."

मी सुटलो होतो. मग लक्षात आलं की मी सुटलो म्हणजे चाचा अडकले. दुखणं लपवून सही केली, असं त्यांच्या नावावर लागणार. स्टोअरमध्ये खोकी उचलणाऱ्या माणसाने मान लपवली म्हटल्यावर एचआर काय करणार हे सांगायला नको.

"नो मॅडम," मी म्हणालो. "आय नॉट आस्क. टिक आय डू. ऑल टिक."

मॅडमनी दोघांकडे बघितलं. मग फॉर्मवर आडवी रेघ मारली. "फेल. चार आठवड्यांनी पुन्हा परीक्षा. लास्ट. तोपर्यंत कुणाच्या डोक्याला हात नाही. रिसेप्शनला बस आणि फॉर्म भर."

बाहेर आल्यावर चाचा भडकले. "खुळा काय तू? मी सांगितला होता ना, विचारलंस म्हणून."

"पण मी विचारलं नव्हतं, चाचा."

"विचारलं असतंस तरी मी नाय सांगितला असता. हितं दुखणं सांगतो कोण? दर व्हिसाला मेडिकल, दुखणं निघालं की घरी. खोकला आला तर मी बाथरूममधी जाऊन खोकतो."

ते खरंच होतं. महिनाभर मी रिसेप्शनला बसलो तेव्हा तेच दिसलं. साहेब लोक आजार मोजून सांगायचे. पण हॉटेलचा स्टाफ सवलतीत यायचा, तो 'नो, नो, ऑल ओके' म्हणून मोकळा व्हायचा. मोडक्या इंग्रजीत अकरा प्रश्न विचारून माझ्या जिभेची लाज गेली, पण उत्तरं खोटीच मिळत होती. मग मी विचारण्याची पद्धत बदलली. ब्लडप्रेशर आहे का, असं नाही. सकाळी कुठली गोळी घेतली? कंबर दुखते का, असं नाही. बुटाची लेस बसून बांधता की वाकून? माणूस सहज बोलून जायचा. गप्पा मारायला तर मी लहानपणापासून शिकलेलो.

दुसऱ्या परीक्षेला मॉडेल मिळेना. माझी कीर्ती झाली होती. शेवटी चाचाच आले आणि खुर्चीत बसले. मॅडम 'नो, नो' करायला लागल्या. मी म्हणालो, "मॅडम, फर्स्ट आय आस्क."

मी फॉर्म घेऊन चाचांच्या समोर स्टूलवर बसलो. दहा प्रश्न झाले. मग म्हणालो, "चाचा, नमाज संपवताना दोन्हीकडे मान वळवून सलाम फिरवता. कुठल्या बाजूला अडकतं?"

चाचांचा हात मानेकडे गेला.

"डावीकडं," ते म्हणाले. "तीन वरसं झाली. खांदाच फिरवतो मी. अल्लाला चालतं."

"लिहू का?"

त्यांनी दाराकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं. "लिही."

मी 'येस'वर टिक केली. त्या दिवशी चाचांच्या मानेला बोट लावलं नाही. फक्त टाळू, कपाळ आणि खांदे. अर्ध्या तासात ते घोरायला लागले. मॅडमनी मला पास केलं आणि फॉर्म स्टोअर मॅनेजरकडे स्वतः नेला. चाचांना खोकी उचलण्यावरून काढून रजिस्टरवर बसवलं. घरी कुणी पाठवलं नाही.

त्या हॉटेलात मी पुढे अकरा वर्षं काढली. मान मोडून द्या, असं रोज कुणीतरी म्हणायचंच. मी नाही म्हणायचो, आणि ते टिप न देता जायचे.