पुन्हा-म्हणा बाई

आमच्या बाईंना कोणी शिवी दिली, की त्या आधी त्यातलं क्रियापद बघायच्या. राग वगैरे नंतर, वेळ उरलाच तर. तळोद्याच्या जीप स्टँडवर पहिल्याच दिवशी एक ड्रायव्हर त्यांच्यावर खेकसला, ''ओ बाई, सरकी बस ना! आठे काय पलंग शे का?'' बाईंचा चेहरा उजळला. पर्समधून रेकॉर्डर काढून त्यांनी त्याच्या तोंडापुढे धरला. ''पुन्हा म्हणा.'' ड्रायव्हर घाबरला. ''बसा मॅडम, आरामात बसा,'' म्हणाला. बाई कपाळाला हात लावून बसल्या. ''घालवलं! इतकं सुंदर वाक्य होतं!''

तेव्हापासून गावभर त्यांचं नाव झालं पुन्हा-म्हणा बाई.

भाषाविज्ञानाच्या एम.ए.चे आम्ही पाच विद्यार्थी त्यांच्याकडे महिनाभराच्या प्रशिक्षणाला होतो. लोकांत जायचं, त्यांची बोली ऐकायची, रेकॉर्ड करायची आणि त्यातून व्याकरण शोधायचं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने एक भाषण द्यायचं, आणि त्यातल्या एकाला बाई आपल्या दोन वर्षांच्या संशोधन प्रकल्पावर घेणार. चौघं पुण्या-कोल्हापूरकडचे, मी एकटी शहाद्याजवळची. ती जागा मला हवीच होती. नाहीतर पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मामा होता, आणि मलाही तिथेच चिकटवायचं त्याच्या मनात होतं.

बाईंची एक ठाम समजूत होती. ''प्रश्न विचारले की माणसं उत्तरं देतात, भाषा देत नाहीत. भाषा ऐकायची तर भांडण शोधा.'' एकदा आमच्या वसतिगृहामागे दोन शेजारणींची जुंपली. ''तुन्ही कोंबडी मन्ह्या मिरच्यास्मा कशी उनी वं?'' हे ऐकताच बाई जेवणावरून उठल्या, उष्ट्या हातानेच धावल्या आणि दोघींच्या मधे उभ्या राहिल्या. ''पुन्हा म्हणा, अगदी पहिल्यापासून!'' मिरचीवालीने पदर सारखा केला, घसा खाकरला आणि रेडिओवरच्या बाईसारखी म्हणाली, ''तुमची कोंबडी आमच्या मिरच्यांमध्ये कशी काय आली?'' कोंबडीवाली हात जोडून म्हणाली, ''क्षमस्व, ताई.'' मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून जे हसत सुटल्या ते चहापर्यंत. बाई मात्र सुतकी चेहऱ्याने परतल्या. ''मिटवलं गं मी त्यांचं भांडण!''

सातपुड्यातल्या एका पाड्यावर तर कहरच झाला. एक आजी तिथल्या पावरी बोलीतून गाणं म्हणत होत्या. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माइकला केसाळ टोपी घातलेली होती. शेळीला ती काय वाटली कोण जाणे, तिने ती उचलली आणि चघळायला लागली. आम्ही ओरडलो. आजी गाणं सोडून हसायला लागल्या. बाईंनी हेडफोन कानावर दाबून धरले आणि आम्हाला गप केलं. ''थांबा, ओढू नका. आवाज फार स्पष्ट येतोय.'' तासाभराच्या त्या ध्वनिमुद्रणात गाणं थोडं आणि शेळीच जास्त आहे.

माझं मात्र काही जमत नव्हतं. घरची अहिराणी सगळ्यांना येते, त्यात काय संशोधन करायचं, म्हणून मी पावरी निवडली होती. पण मी तोंड उघडलं की इतकी पुस्तकी मराठी बाहेर पडायची, की पाड्यावरच्या बायका मला जनगणनेवाली समजून घरात किती माणसं आहेत ते सांगायला लागायच्या. बाई म्हणायच्या, ''तू बोलतेस की बातम्या देतेस?''

भाषणाचा दिवस आला, आणि सकाळच्या एसटीने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेऊन माझी माय आली. बाईंनी तिला कौतुकाने मागच्या खुर्चीवर बसवलं. मी उभी राहिले. ''उपस्थित मान्यवर, प्रस्तुत अभ्यासाचे प्रयोजन असे की...'' एवढं म्हणते तोच मागून काळजीचा आवाज आला.

''काय वं पोरी, अशी काय बोली ऱ्हायनी तू? घसा बसना का?''

सगळे फिस्सकन हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ''माय, गप बस ना वं! मन्हं भाषण चाली ऱ्हायनं ना!''

बाई ताडकन उभ्या राहिल्या. त्या काय म्हणणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे वर्ग एका सुरात ओरडला, ''पुन्हा म्हणा!''

बाईंनी माझे कागद काढून घेतले. ''आता हे सांग. आम्हाला 'प्रयोजन' आणि मायला 'चाली ऱ्हायनं', असं का?'' मी रडकुंडीला आले होते, पण बोलायला लागले. कोणाशी कधी काय बोलते, शाळेत शिरताना काय बदलायचं, बाजारात काय, बापाशी भांडताना काय. मधेच माय उठून सांगायची, ''खोटं बोलस ही, झोपमा तर नुसती अहिराणी बोलस.'' बाई ते रेकॉर्ड करायच्या. पुण्याचा मुलगा आपलं भाषण विसरून मायला प्रश्न विचारायला लागला. दुपारचं जेवण लांबलं, भाकरी थंड झाल्या.

''ही जागा तुला देते,'' बाई संध्याकाळी म्हणाल्या. ''पण आईसकट. दोघी याल तर या.''

पुढची दोन वर्षं बाई आमच्या ओसरीवर पडीक असायच्या. माय कामं करता करता बडबडायची, त्या ऐकायच्या. शेकडो तास ऐकूनही त्यांनी स्वतः अहिराणीचा एक शब्द कधी उच्चारला नव्हता. ''चुकले तर?'' म्हणायच्या. एवढ्या विदुषी, पण लाजायच्या.

प्रकल्प संपला. बाई मुलीकडे कायमच्या परदेशी निघाल्या. नंदुरबार स्टेशनवर आम्ही दोघी त्यांना सोडायला गेलो. लांब इंजिन दिसलं, तशा बाईंनी मायचा हात धरला आणि सगळा धीर गोळा करून म्हणाल्या, ''ताई, गाडी उना.''

माय म्हणाली, ''उनी म्हना, बाई. गाडी बाईमाणूस शे.''

बाई लाल झाल्या. डब्यात चढल्या, सामान सोडून दारातच उभ्या राहिल्या, आणि गाडी हलली तरी धडा पाठ करणाऱ्या मुलीसारख्या आमच्याकडे बघत म्हणत होत्या, ''उनी. गाडी उनी. उनी.''

शेवटचा डबा पुढे गेला. माय पदर डोळ्यांना लावून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, ''आते 'गयी' म्हन वं, बाई.''