मधल्या पिकअपच्या दोन तारा

हे मी आजवर कुणाजवळच बोललो नाही. आईजवळ नाही, भावाजवळ नाही. एका बाईशी लग्नाचं जमत आलं होतं, तिला सांगावं असं एकदा वाटलं होतं – पण मग लग्नच जमलं नाही. तुम्हाला का सांगतोय? नक्की ठाऊक नाही. तुम्ही बळीरामला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन आहे. एका खोलीत एकटा राहतो. सुटीच्या दिवशी लोक अॅम्प्लिफायर, कीबोर्ड, गिटारी दुरुस्तीला आणून देतात. माझ्या हाताला सफाई आहे म्हणतात. असेल. त्या सफाईचं मी एकदा काय केलं, ते सांगायचंय.

वीस-बावीस वर्षांपूर्वी यवतमाळात आमचा ऑर्केस्ट्रा होता. लग्नसराईत कार्यक्रम, दुर्गोत्सवात तर नऊही दिवस बुकिंग. बळीराम लीड गिटार वाजवायचा आणि मी मागे, साथीला. तो उमरखेडकडच्या बंजारा तांड्यावरचा. गिटार त्याला कुणी शिकवली नव्हती. त्याची याडी, म्हणजे आई, होळीला लेंगी, म्हणजे होळीची गाणी, गायची, ती चाल तो तारेवर शोधत बसायचा आणि तसाच शिकला. मला वडिलांनी शिकवणी लावलेली. ते कचेरीत हेडक्लार्क होते, सगळं रीतसर पाहिजे. मला नोटेशन वाचता यायचं. तरी तो पुढे आणि मी मागे – हे मला कधी खुपलं नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो.

आता थोडं गिटारीबद्दल सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारांखाली पिकअप असतो. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज जागी होते, आणि ती अॅम्प्लिफायरमध्ये जाऊन आवाज होते. वेढ्यांचं एकच गुंडाळं असेल तर आवाज मोकळा, काचेसारखा लख्ख. पण ते गुंडाळं ट्यूबलाइटची, जनरेटरची घरघरही ओढून घेतं. माझ्या गिटारीत दोन-दोन गुंडाळी शेजारी-शेजारी होती, एकमेकांच्या उलट जोडलेली. त्यात घरघर आपोआप मरते. आवाज जाड, गोल, भरलेला होतो. पण त्याची धार जाते. बळीरामच्या गिटारीत एकेरी गुंडाळ्यांचे तीन पिकअप होते, आणि पिकअप निवडायची कळ तो नेहमी अशी ठेवायचा की पहिला आणि मधला दोन्ही एकत्र वाजावेत. त्या जागेवर त्याची गिटार बोलायची. मांडवात जेवणारी माणसं घास हातात धरून मान वळवायची. माझं वाजवणं ऐकून कुणी मान वळवली होती? आठवत नाही.

मग तो दारव्हा रोडवर गाडीवरून पडला. डावं मनगट मोडलं. प्लास्टर, नंतर शेक, व्यायाम – तीन महिने गेले. त्याच्या जागी मी उभा राहिलो. पुढे. पहिल्यांदा चेहऱ्यावर लाइट पडला. तुम्हाला ते सुख सांगता येणार नाही मला. पण गाणारी मुलगी दर कार्यक्रमानंतर विचारायची, बळीभाऊ कधी येणार?

त्याची गिटार माझ्याकडेच होती. प्लास्टर असतानाच आणून दिली होती त्यानं. म्हणाला, "माह्या हातानं वाजवता येईपर्यंत हिची घरघर तेवढी कमी करून ठेव. तुह्याशिवाय कोनाच्या हाती देनार नाही मी."

मी केली कमी. आतल्या पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला, सोल्डरचे सगळे टाके नव्यानं घातले. काम झालं होतं. झाकण लावायचं तेवढं राहिलं होतं.

आणि मी मधल्या पिकअपच्या दोन तारा सोडवल्या आणि उलट्या जोडल्या.

एवढंच. शिशाचे दोन थेंब. दहा मिनिटंही लागली नाहीत. अशा उलट तारेनं एकेक पिकअप वेगळा वाजवला तर काही कळत नाही, आवाज ठणठणीत. पण दोन एकत्र वाजवले की ते एकमेकांना खातात. उरतो तो पोकळ, नाकात बोलल्यासारखा आवाज, डब्यातून आल्यासारखा. त्याला हवी तीच जागा मी मारली होती.

मनगट बरं झाल्यावर पहिल्या तालमीत तो वाजवायला लागला आणि थांबला. पुन्हा वाजवलं. कळ हलवली, मनगट चोळलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"असं काहून येऊन राह्यलं बे? अंगच नाही आवाजाले. गिटारीमंदी काही गडबड तं नाही?"

इथे मी सांगू शकलो असतो. हसून, चूक झाली म्हणून. तारा पुन्हा सरळ करता आल्या असत्या. मी काय केलं? गिटार हातात घेतली आणि एकेक पिकअप वाजवून दाखवला. पहिला, मधला, शेवटचा. तिन्ही स्वच्छ. म्हटलं, "ऐक ना. गिटार ठीक आहे, बळी. तुझा हात जरा... डॉक्टर काय म्हणाले होते?"

खरं वाजवून दाखवून खोटं बोललो मी.

पुढचे दोन कार्यक्रम त्यानं वाजवले, कुणी मान वळवली नाही. नंतर तो आलाच नाही. तांड्यावर परत गेला, पुसदला बियाण्यांच्या दुकानात लागला, लग्न झालं. मी चार वर्षं पुढे उभा राहून वाजवलं. मग ऑर्केस्ट्राच बंद पडला.

गेल्या उन्हाळ्यात तो माझ्या खोलीवर आला. केस पांढरे झालेले. सोबत कॉलेजात शिकणारी मुलगी, पूनम, आणि तिच्या पाठीवर तीच गिटार. पोरीला शिकायचं होतं, गिटारीला वरच्या पोलादी तारा नव्या टाकून हव्या होत्या. मी त्यांना चहाला समोरच्या टपरीवर पाठवलं, झाकण उघडलं. माझेच टाके होते, अजून चमकत होते. मी मधल्या पिकअपच्या त्या दोन तारा सरळ केल्या.

चहा पिऊन आल्यावर पूनमनं गिटार घेतली; तिला धड सूर लावता येत नव्हता. तिनं कळ कुठेतरी सरकवली आणि नुसती तार छेडली – आणि खोलीत तो आवाज आला. तोच. बळीराम खुर्चीत ताठ झाला.

"बाबा, तुम्ही वाजवा ना," ती म्हणाली.

त्यानं डावा हात उचलला, पाहिला आणि खिशात घातला. "नाही वं माय. तो हात नाही राह्यला आता." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मले इतके वर्स मनात कुठंतरी वाटे, गिटारीतच काही असंन. आज पटलं. पोरीच्या हातात बोलली ती. तू तवाच खरं सांगतलं होतं, भाऊ. दुसरा कोनी तोंडावर सांगत नाही."

तो तिथेच होता, दोन हातांवर. मी फक्त गिटार त्याच्या मांडीवर ठेवायची होती. नुसती ठेवायची. मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? भीती वाटली की तो वाजवेल. त्यानं हात खिशात घातला तेव्हा मला बरं वाटलं.

"हो," मी म्हणालो. "हातच होता."

त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं. त्यांची पुसदची गाडी साडेचारला होती. मी दोघांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो, आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा राहिलो.